फाटकाशी ताप सांगणारा बुधाजी

बुधाजी परळच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय होता. राहायला वरळीच्या बीडीडी चाळीत. छप्पन्नच्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर गोळीबार झाला, तेव्हा वॉर्ड भरले आणि नातेवाइकांना आत सोडणं बंद झालं. संध्याकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने खाटेचा नंबर आणि त्यापुढे तापाचा आकडा लिहिला जाई. बाकी काही नाही.

फळा लिहायचं काम बुधाजीचं. लिहून झालं की लोक विचारत, "म्हणजे कसा आहे?" हे सांगणं त्याच्या कामात बसत नव्हतं, पण तो सांगे. 'बरा आहे' असं मात्र कधी म्हणत नसे. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. "चहा दोनदा मागितला." "शेजारच्याशी पंख्यावरून भांडला." बायकांनी लवकरच त्याची रीत ओळखली. माणसाविषयी बोलला तर ठीक, सामानाविषयी बोलू लागला की ताप चढलेला.

डिलाईल रोडची रखमा रोज येई. तिचा नवरा लवू गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा, त्याच्या मांडीत गोळी लागली होती. एका संध्याकाळी लवूच्या नंबरापुढे बुधाजीने काहीच लिहिलं नाही.

"आज चादर बदलली त्याची," तो म्हणाला. "कोरी आहे."

"चादरीचा ऱ्हवांदे, दादा. आकडो सांगा."

बुधाजीने खडू खिशात घातला. "एकशे चार."

"त्याका सांगा, मी हयच आसंय. जावचंय नाय."

"संचारबंदी आहे, बाई. पोलीस उठवतील."

"उठवूंदेत. परत बसान."

तो आत जाऊन आला. "कानाशी सांगितलं. डोळे उघडले नाहीत. बोटं हलली."

रखमा फाटकाशीच खाली बसली. बुधाजीने तिला पहारेकऱ्याच्या खोलीत बसवलं आणि पाळी संपली तरी तो चाळीत गेला नाही.

सकाळी तो फाटकाशी आला. या वेळी आकडा आधी सांगितला. "एकशे एक." मग म्हणाला, "पेज दिली तर तोंड वाकडं केलं. अळणी आहे म्हणाला."

"घरी पण तसाच म्हणता," रखमा म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं. "पुढ्यात मीठ ठेवा. गप जेवतलो."