पंचवीस एमएमचा रोलर

माझ्या सायकलीच्या मागच्या चाकावर टेकणारा रोलर पंचवीस मिलिमीटरचा होता. ते माप मी ठरवलं होतं. तीनदा चुकून, एक टायर वाया घालवून ठरवलं होतं. नवऱ्यानं तो रोलर मला न विचारता काढला. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. समोर मी त्याला अहोजाहो करते. इथं करणार नाही.

मी बालवाडीत शिकवते. कोल्हापुरातून जोतिबाकडं जाताना डोंगराच्या अलीकडं एक वाडी आहे, तिथं. शेवटचे दोन किलोमीटर नुसता चढ. वीस वर्षं तो मी सायकलीनं चढले आणि मग गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, पायडल मारणं कमी करा. स्कुटी शिकायचा प्रयत्न दोनदा केला आणि दोन्ही वेळा गटारात गेले. नवरा म्हणाला, "मी सोडतो की गाडीवर."

त्याचं सोडणं मला ठाऊक होतं. आधी चहा, मग पेपर, मग कुणाचा तरी फोन, आणि मी दारात चप्पल घालून उभी. दुपारी परत यायचं तर रस्त्याच्या कडेला त्याची वाट बघत बसायचं. मला माझ्या वेळेला निघायचं होतं आणि माझ्या वेळेला घरी यायचं होतं. एवढंच हवं होतं, आणि ते काही फार नव्हतं.

शिरोळला माझ्या भावाकडं गवत कापायचं एक मशीन महापुरात बुडून पडलेलं होतं. त्याचं इंजिन मी आणलं, गाळ काढला, कार्ब्युरेटर साफ केला. कल्पना सोपी होती. इंजिन सायकलीच्या कॅरिअरवर, इंजिनच्या दांड्यावर रोलर, आणि रोलर टायरवर दाबला की चाक फिरणार. चेन नाही, गिअर नाही. इंजिन मी दाराच्या बिजागरीवर बसवलं. हँडलजवळची तार ओढली की ते खाली टेकायचं, सोडली की स्प्रिंग त्याला वर उचलायची.

नवऱ्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे, त्यात लोखंड कातायचं लेथ मशीन आहे, पण रोलर करून द्या म्हटलं की तो "बघू" म्हणायचा. दोन महिने त्यानं बघितलं. शेवटी दोन गल्ल्या पलीकडच्या एका म्हाताऱ्या चाचांनी मला रोलर करून दिले. पहिला लाकडी होता, तो घासून जळाला. दुसऱ्याला खरखरीत दाते पाडले, त्यानं आठवड्यात टायर सोलून काढलं. तिसरा गुळगुळीत आणि जाडजूड, त्यावर चढाला इंजिन गुदमरून बंद पडलं. मी गिरणीवाल्याची मुलगी. मोटरवरची पुली लहान असली की जातं सावकाश फिरतं, पण अडत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. मी चाचांना म्हटलं, पंचवीसचा करा.

पंचवीसचा चढला. पावसात टायर ओलं झालं की घसरायचा, तेव्हा थोडे पाय मारायचे. सपाटीला मोपेडवाल्या म्हाताऱ्या बाप्यांनीही मला मागं टाकलं, टाकू देत. तीन महिने मी एकदाही उशिरा पोचले नाही.

मग एका सोमवारी चढाच्या निम्म्यावर इंजिन घरघरलं, जळका वास आला आणि ते बंद पडलं. उतरून बघते तर रोलर भलताच. जाड, चकचकीत, आरशासारखा पॉलिश केलेला. माझ्या सायकलीवर माझं नसलेलं काहीतरी बसलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली.

ते इंजिनाचं ओझं ढकलत मी वर गेले. किल्ली माझ्याकडं. अकरा पोरं बंद दारासमोर पायरीवर बसली होती, वर भुरभुर पाऊस. सगळ्यात धाकटी रडून रडून पायरीवरच झोपली होती. तिची आई मला म्हणाली, "बाई, तुमास्नी जमत नसंल तर तसं सांगा की." मी कुलूप काढलं आणि पोरांना आत घेतलं.

दुपारी तडक वर्कशॉपला गेले. नवरा आणि त्याचे दोन दोस्त चहा घेत होते.

"रोलर कुणी बदलला?"

"मीच की," नवरा खुशीत म्हणाला. "काल तू झोपलीवतीस तवा बसवला. पन्नासचा हाय. कसा हाय?"

एक दोस्त म्हणाला, "वैनी, तुमची सायकल लई हळू जाती म्हणून आमी ह्येला चिडवत होतो. आता बघा कशी पळती!"

"पळायचंय कुणाला?" मी ओरडले. "मला चढायचं हाय! रोलर लहान का केला, एकानं तरी विचारलं का मला?"

लेथवर जन्म घालवलेली माणसं ही. रोलर मोठा केला की जोर कमी होतो, हे त्यांना मी शिकवायचं? त्यांना ते पक्कं कळत होतं. फक्त मलाही कळत असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"अगं, तुझ्यासाठनंच केला," नवरा म्हणाला.

"माझा कुठं हाय?"

त्यानं दाराकडं हात केला. माझ्या रोलरसकट सगळं भंगार भंगारवाल्यानं सकाळीच उचलून नेलं होतं.

नवऱ्याच्या लेथवरचा रोलर मला आता नको होता, आणि चाचा गावाला गेले होते, यायला दोन दिवस. नवऱ्यानं त्यावर लगेच उपाय काढला, "उद्यापासनं मी सोडतो तुला." माझी अकरा पोरं पावसात बसली, ह्यावर एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी इंजिन उतरवून ठेवलं आणि साध्या सायकलीनं निघाले. चढ सुरू झाला तिथं मागून त्याची मोटारसायकल आली. तो माझ्या शेजारून अगदी सावकाश चालवायला लागला. "बस की गं मागं." उजव्या गुडघ्यात दर फेरीला कळ येत होती, दात आवळून पायडल मारत होते. त्याला ते दिसत होतं. मी दोनदा थांबून गुडघा चोळला, तेव्हा तोही थांबला होता.

दोन किलोमीटर तो तसा शेजारी होता. दुखतंय का, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. पुढंमागं बघत, आवाज खाली आणून, बालवाडीच्या दारापर्यंत तो एकच वाक्य म्हणत राहिला, "बस गं, लोक बघाल्यात."