बावीस वर्षं क्रशरवर

‘बाबांना जरा बाहेर कॉरिडॉरमध्ये बसवता का? पाहुण्यांना कसंतरी होतं,’ माझ्या मॅनेजरची बायको म्हणाली. हातात तिळगुळाचा डबा.

इथे परदेशात, टॅम्पिनीसला त्यांच्या फ्लॅटवर संक्रांत होती. सगळी पुण्या-मुंबईची शिकलेली माणसं. माझे बाबा महिनाभरासाठी आले होते. ते खोकले की बाकीच्यांच्या नाकाला रुमाल लागायचे. मॅनेजर हसला. ‘विडी सुटत नाही या लोकांची.’

बाबांनी जन्मात विडी ओढली नाही. त्यांची खुर्ची मीच उचलून बाहेर ठेवली. आजही स्वतःची किळस येते.

मॅनेजर स्वतः शिंकत होता. त्याला कोणी बाहेर बसवलं नाही. उलट तोच कॉरिडॉरमध्ये येऊन बाबांच्या तोंडाजवळ शिंकला आणि हातावर तिळगूळ ठेवून गेला.

तिसऱ्या दिवशी बाबांना ताप. पाचव्या दिवशी ओठ निळे. हॉस्पिटल, ऑक्सिजन. दोन दिवस उतार नाही. मॅनेजर भेटायला आला, ठणठणीत.

‘मलाही फ्लूच झालेला. दोन दिवसांत पळाला. आहार लागतो रे, सात्त्विक.’

वरण-तुपावर फुप्फुसं पोसतात, असा या विद्वानाचा समज.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. फॉर्म बघून म्हणाल्या, ‘कॉन्ट्रॅक्टर? म्हणजे नक्की काय काम करायचे?’

तो शब्द माझा. इथे आपली माणसं आधी आडनाव विचारतात. तेवढ्याने भागलं नाही की वडील काय करायचे ते. मी सगळ्यांना कॉन्ट्रॅक्टर सांगायचो. जिभेला इतकी सवय, की हॉस्पिटलच्या फॉर्मवरही तेच लिहिलं.

मॅनेजर शेजारीच उभा होता. मी बाबांच्या छातीचा भाता बघितला.

‘खडी क्रशरवर मजूर. बावीस वर्षं. तोंडाला फडकं बांधून.’

बाईंनी एक्स-रे पुन्हा उजेडात धरला. दगडाच्या धुळीने फुप्फुसं आधीच कडक झालेली. ‘अशा माणसाच्या साधा फ्लूही जिवावर बेततो,’ त्या म्हणाल्या. ‘हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं.’

मॅनेजर म्हणाला, ‘तू तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होतास.’

समोर माणूस श्वासासाठी तडफडतोय, आणि याला आपण फसलो याचं दुःख.

‘खोटं बोललो. तुमच्या पंगतीत बसायला. आता निघा.’

बाबा वाचले. पण ऑक्सिजन सुटला नाही. माझ्या लाजेने त्यांच्या उपचाराचे दोन दिवस खाल्ले, हे मी कुणालाही सांगतो. आता कोणी वडिलांचं विचारलं की आधी क्रशर येतो, मग माझी पदवी. ऐकणाऱ्याचा घास अडकला तर अडकू दे. आणि बाबांबरोबर राबलेला जो जो अजून जिवंत आहे, त्याच्या केसपेपरवर त्याचं काम मी स्वतः उभा राहून लिहून घेणार आहे.