गजभिये, पूर्ण नाव

माझा नवरा गुणवंत गजभिये कॅनडात, रेजिनात सरकारी इंजिनिअर आहे. स्वतःच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसता उपसता शेजाऱ्याचाही उपसून टाकतो, इतका भला. पण मराठी माणूस भेटला की आडनाव गिळतो. "मी गुणवंत, नागपूरचा." बस्स. वीस वर्षं हे पाहून माझं डोकं फिरतं.

आमच्या दीपाला ऑन्टॅरिओतल्या एका युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली होती आणि तिला तिथेच जायचं होतं, कारण तिथे सोरोरिटी आहेत. म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाचे मुलींचे गट. एकत्र राहायचं, मैत्री जन्मभराची. गुणवंतचा साफ नकार. "सभासद मत देऊन आत घेतात ना? आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये असंच मत घेऊन माझं ताट वेगळं केलं होतं."

"बाबा, लिसन," दीपा म्हणाली. "टू हंड्रेड इयर्सपूर्वी कॉलेजात मुलांना मोकळं बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सीक्रेट सोसायट्या काढल्या. मग त्यांनीच दारं लावून घेतली. ब्लॅक, ज्यूइश, गर्ल्स, सगळे बाहेर. सो दे स्टार्टेड देअर ओन!"

बघायला काय जातंय, म्हणत मी दोघांना घेऊन विमानात बसले. तिथल्या एका सोरोरिटीच्या घरी चहाला बोलावलं होतं. सीनियर मुलगी ईशानी, आईवडील पुण्याचे. आमचं बोलणं ऐकून खूश झाली. "ओ माय गॉड, मराठी! काका, सरनेम काय तुमचं?"

आपली माणसं आडनावावरून काय शोधतात, ते मी सांगायला नको.

"कुमार," गुणवंत म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दीपाने कप खाली ठेवला. "गजभिये. दीपा गुणवंत गजभिये. वी आर बुद्धिस्ट. एनीथिंग एल्स?"

"नो, नो, दॅट्स ग्रेट," म्हणत ईशानी दुसऱ्या पाहुण्यांकडे गेली, ती पुन्हा आमच्याकडे फिरकली नाही.

हॉटेलवर गुणवंत म्हणाला, "पोरीसाठीच बोललो मी तसं."

"पोरीसाठी नाही. घाबरलास म्हणून," मी सुनावलं.

सकाळी दीपा लॅपटॉप उघडून बसली. इथेच शिकणार, त्यांनी घेतलं नाही तर स्वतःची सोरोरिटी काढणार. नियमसुद्धा लिहून तयार! पहिला नियम, इथे कुणालाही आडनाव विचारायचं नाही.

गुणवंतने चष्मा लावून वाचलं. त्याचा आवाज कापत होता, पण मोठा होता. "हा खोड. विचारू देत. लाज त्यांना वाटू दे, आपण कशाला लपायचं? आणि ते ॲडमिशन ॲक्सेप्ट करायचं बटण दाब आता, मी बघतोय."