कोपरभर खड्डा

तिबेसिग्वासारखा चिवट माणूस आमच्या बुइंडीच्या जंगलात दुसरा नव्हता. चिवट म्हणजे नियमाला. जंगलात परसाकडे लागली तर कोपरभर खोल खड्डा खणायचा, वर माती लोटायची. आमच्या पोटातले जंत गोरिलांच्या पोटात जायला नकोत, म्हणून. आम्ही बाकीचे गोरिलांचा माग काढणारे, पाऊस असला की वीतभर उकरून मोकळे. हा पठ्ठ्या खणताना स्वतःचं कोपर आत घालून बघायचा. "सासूला पुरतोयस का रे?" म्हणून मी चिडवायचो. तो हसायचा आणि आणखी खणायचा.

सकाळी गोरिला उठून गेले, की त्यांच्या पानांच्या बिछान्यातली लीद तपासणीसाठी डबीत भरून आणणं हे त्याचं काम. ती तो इतकी निरखून बघायचा की त्याची बायको म्हणायची, माझ्या आंबिलीकडे कधी असं बघितलं नाहीस.

कारुंगी ही गोरिलाची पोर त्याची लाडकी. आई मेली तेव्हा ती एवढीशी होती. कळपामागे ती कण्हत चालायची आणि तिच्यामागे, आमचं दुखणं गोरिलांना लागू नये म्हणून ठरलेलं नियमाचं अंतर राखून, हा. पुढे ती चांगली दांडगी झाली, आणि यंदा अचानक खंगायला लागली. लीद पाण्यासारखी, फासळ्या उघड्या. कडू पाला ओरबाडून खायची, तरी उतार पडेना.

आमच्या डॉक्टर केमिगिशाबाईंनी सांगितलं, पोटात जंत माजलेत. औषधही आहे. पण नियम असा, की जंगलातलं दुखणं जंगलानंच निस्तरायचं. माणसाकडून लागलेलं असेल तरच औषधाची सुई मारायची. असले नियम करणाऱ्यांना कोणी कारुंगीसमोर बसवलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तिबेसिग्वा थेट जंगलखात्याच्या साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, माझं पोट बिघडलं होतं. खड्डा खणला नाही. तिच्या वाटेवरच बसलो."

मी दाराशीच होतो. साहेबांनी तिथल्या तिथे त्याचा कोयता काढून घेतला आणि जंगलात पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर मी त्याचं मनगट धरलं आणि विचारलं, असलं खोटं का बोललास?

"बोललो तर बोललो," तो म्हणाला. "आता सुई तरी मारतील."

बाई भल्या. त्यांनी लगेच लीद पुन्हा तपासायला घेतली. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. हे जंत माणसाचे नव्हेतच, म्हणाल्या. गोरिलांचेच आहेत, पिढ्यान् पिढ्या त्यांच्या पोटात राहत आलेले. धडधाकट गोरिलाच्या पोटातही ते असतात, पाला पचवणाऱ्या बारीक जिवांच्या शेजारी गुमान राहतात. हिचं अंगच थकलंय, म्हणून डोक्यावर बसलेत. म्हणजे सुई नाही.

मी साहेबांकडे धावलो. हात जोडून सांगितलं, तो खोटं बोलला होता, त्याच्याएवढा खोल खड्डा कोणी खणत नाही, त्याला परत घ्या. साहेब चिडलेसुद्धा नाहीत.

"खड्डा खणला नसेल तर घरी," ते म्हणाले. "आणि खणला असेल तर माझ्या तोंडावर खोटं बोलला. तरी घरीच."

कप्पाळ!

कारुंगी काही दिवसांनी ओढ्याकाठी मेली. कशानं मेली ते चिरून बघायचं म्हणून आम्ही तिला बांबूला बांधून बाहेर काढलं. वाट तिबेसिग्वाच्या बटाट्याच्या शेतावरून जाते. तो बांधावर उभा होता, नियमाप्रमाणे तोंडाला फडकं बांधून. रडत होता की काय, फडक्यामुळे कळेना.

"आता तरी जवळ येऊ का?" त्यानं विचारलं.

मी पुढे चाललेल्या साहेबांकडे बघितलं. साहेबांनी नाही म्हणून मान हलवली.

तो वाद घालील, शिव्या देईल, असं मला वाटलं. निदान मी तरी दिल्या असत्या. तो बांधावरून दोन पावलं मागे सरला, आम्हांला पुढे जाऊ दिलं, आणि मग नियमाचं अंतर राखून तिच्यामागे चालायला लागला.