दाबून बघणारे मेहुणे

दाबून बघितल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा जगात एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. राजारामपुरीत राहणारे हे आमचे मेहुणे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांचा जीव जडला होता जेलींवर, म्हणजे जे जवळजवळ सगळं पाणीच असतं तरी सांडत नाही अशा लिबलिबीत पदार्थांवर. त्यात रेणूंच्या लांबलचक धाग्यांची गाठी मारलेली जाळी असते, हे त्यांनी मला माझ्याच लग्नाच्या पंगतीत समजावलं होतं. "ओढलं की धागं सरळ हुत्यात, दाजी. सोडलं की पुन्हा गुंता. गुंत्यात राहणं ह्योच त्येंचा स्वभाव." स्वतःच्या कपाटाचं समर्थनही ते याच सिद्धांतानं करत.

एकदा राधानगरीकडच्या एका विद्यार्थ्यानं खरवस आणून दिला. आम्ही ताटल्या घेऊन बसलो, तर मेहुण्यांनी पट्टी काढली. खरवसावर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली, तो किती दबला ते मोजलं, वाटी उचलल्यावर तो किती वर आला तेही मोजलं, आणि मग तांब्या ठेवला. खरवसाचे दोन तुकडे झाले.

"दादा, खायाचा हाय त्यो," माझी बायको म्हणाली.

"खा की. आता त्येची ताकद कळली," मेहुणे शांतपणे म्हणाले.

एका लग्नात त्यांनी वाटीतल्या जेलीला इतक्यांदा चमच्यानं टोचलं, की शेवटी वाढप्यानं विचारलं, "पावणं, खाणार हाय का इंजेक्शन देताय?"

गेल्या वर्षी मेहुण्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, जिना चढवेना. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, गुडघ्यातली कूर्चा, हाडांमधली ती मऊ गादी, पार झिजली होती. कूर्चा म्हणजे निसर्गानं केलेली जेलीच, हे मेहुणे वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलेले. मला वाटलं, आता हे डॉक्टरांचाच तास घेणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "ऑपरेशन केल्यावर हिचं दुखायचं थांबंल न्हवं?"

वहिनींना आत तपासत होते तेव्हा आम्ही बाहेर बाकावर बसलो. मेहुण्यांनी स्वतःचा गुडघा अंगठ्यानं दाबून बघितला. मग म्हणाले, "दाजी, जन्मभर लॅबमध्ये जेली केल्या. हिच्या गुडघ्याएवढी टिकणारी एकबी जमली न्हाय. आन हिनं त्येच्यावर पस्तीस वर्षं आमचा तिसरा मजला चढला."

वहिनी दारात आल्या. मेहुणे उठले, वाकले आणि त्यांच्या चपला सरळ करून पायापुढं ठेवल्या. मग दवाखान्याचा जिना दोघं उतरू लागले. ते एक पायरी पुढं, हात मागं करून, वहिनींनी धरावा म्हणून.