भाताच्या दाण्यांनी मोजलेलं संशोधन

किस्से भाताच्या भाऱ्यांसारखे असतात. एकेक ठेवत जावं आणि मागे वळून पाहावं, तर भाऱ्यांची उडवी डोक्याच्या वर गेलेली! आमच्या विज्ञान मंडळाचं तसंच झालं. मंडळात माणसं तीन: वाशिंदहून रोज किन्हवलीच्या शाळेत येणारे सर, डोंगरावरच्या वाडीतली सुगंधा आणि मी.

विषय सरांनी दिला होता. उन्हापासून वीज करणाऱ्या सोलर सेलवर जगाच्या कोणत्या भागात किती संशोधन होतं? शहापूरच्या प्रदर्शनात ते मी सांगायचं होतं. माझा आवाज तर हजेरीलाही निघत नाही.

"तू बोलली नाहीस, तर प्रकल्प मुका जाईल," सर म्हणाले.

*

सरांनी संगणकावरून आकडे काढले. शंभर शोधनिबंधांना भाताचा एक दाणा, प्रत्येक प्रदेशाला एक काचेचा ग्लास. सुगंधा मोजायला बसली. "लाभ, दोन, तीन..."

सरांना वाटलं, एक राहिलाच. तिच्या नकळत ते प्रत्येक ग्लासात एकेक दाणा वाढवत गेले. शेवटी सुगंधाने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. खळ्यावर पहिल्या मापाला कोणी एक म्हणतं का? पहिलं माप लाभाचंच!

तोवर सगळ्या जगाला शंभर-शंभर निबंध फुकट मिळाले होते.

*

एकदा दाणे दमट लागले, म्हणून वर्गाबाहेर प्रत्येक प्रदेशाच्या वेगळ्या कागदावर वाळत घातले. राखणीला मी. मी ढगांकडे पाहत राहिले.

सरांना तोंडाने सांगायचा धीर होईना. चिठ्ठी लिहून दिली: 'युरोप कोंबडीने खाल्ला.'

सरांनी ती दोनदा वाचली.

*

सुगंधाची आई तिला न्यायला आली, तेव्हा ग्लासांपुढे बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "घरात खाणारी तोंडं किती, ते नाय बघितलं तर कुणाचं भात जास्त, कसं कळंल?"

सरांनी खडू खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ग्लासाखाली तिथली लोकसंख्या लिहिलेली होती. काही भरलेले ग्लास आता उगाच मोठे वाटू लागले, काही जेमतेम तळ झाकलेले ग्लास मोठे झाले.

*

दुपारी खिडकीतून ऊन ग्लासांवर यायचं. दाणे आतून पेटल्यासारखे दिसायचे. मला वाटायचं, प्रत्येक दाण्यामागे दूर कुठेतरी एखादी मुलगी सोलर सेलची काळी काच उन्हाकडे धरून उभी आहे. ती कोणत्या भाषेत मोजत असेल?

सुगंधाने रांगेच्या शेवटी एक रिकामा ग्लास ठेवला. कुणाचा, विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो, आपल्याला."

*

प्रदर्शनात परीक्षक बाई आल्या. मला पाठ केलेलं एकही वाक्य सापडेना. बाई एकेक ग्लास पाहत शेवटी पोचल्या.

"आणि हा रिकामा कुणाचा?"

सर छताकडे पाहू लागले. सुगंधाने मला कोपर मारलं.

मी कंपासपेटी उघडली. कोंबडीच्या तावडीतून वाचलेला एक दाणा तिच्यात होता. तो ग्लासात टाकला. टिक् वाजलं.

"लाभ," मी म्हणाले.