आत्याने कानाला लावून निवडलेली प्लेट

माझी आत्या धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजी नंतर. आधी मांडवात धवलारीण बसते आणि धवले गाते. एकेका देवाला, गावदेवीला, घरच्या माणसांना ती गाण्यातूनच लग्नाचं आवतण देते आणि भोवतीच्या बायका तिच्यामागून ओळ उचलतात. आत्याला तासभराचे धवले तोंडपाठ होते आणि त्यातली एक ओळ कुठे कागदावर नव्हती. त्यात तिचा गळा बसत चालला होता. तिचं गाणं एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत कॅमेऱ्यात धरून ठेवायचं, असं मी मनाशी घेतलं होतं.

तेव्हा मी पनवेलला खांदा कॉलनीत भाड्याने राहायचे आणि नोकरी करायचे. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एकाकडून मी जुना कॅमेरा घेतला. वजनाला वरवंटाच. सगळे पैसे त्यातच गेले, म्हणून कॅमेरा ठेवायची तिवई, म्हणजे ट्रायपॉड, घेतली सगळ्यात स्वस्तातली. कॅमेऱ्याच्या बुडाशी जी चपटी प्लेट बसते आणि ती प्लेट धरणारा जो क्लॅम्प असतो, ते दोन्ही प्लास्टिकचे. मला काय कळतंय! तिवई म्हणजे तीन पाय, एवढंच मला ठाऊक.

कोन गावात एका लग्नात आत्या गाणार होती. मी कॅमेरा लावला, लाल दिवा पेटलेला पाहिला आणि खुशाल गेले मैत्रिणींबरोबर नाचायला. घरी येऊन टीव्हीवर कॅसेट लावली तर काय, पहिली पाच मिनिटं आत्या, मग हळूहळू आत्याचे गुडघे, मग पाय, मग सतरंजी. प्लेट सैल पडून कॅमेऱ्याने मान टाकली होती. शेवटची वीस मिनिटं तर मांडवाच्या खुंटीला बांधलेला बोकड चारा खात होता आणि मागे आत्याचा आवाज. मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि आत्या हसून हसून आडवी.

"गला माझा नि तोंड बोकराचा!" ती म्हणाली. पुढे वर्षभर येईल त्याला तिने हेच सांगितलं.

मी म्हटलं, मग घरीच गा ना, ओटीवर बसून, मी परत घेते. तर बाई एकदम गंभीर झाली.

"मांडव नाय तं धवला नाय. देवांना बोलवायचा, नि ते आल्यावं लगीनच नाय? काय सांगू त्यांना, माझे भाचीला कॅसेट पायजे?"

झक मारत कॅमेरा कपाटात ठेवला.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आत्याने जाहीर केलं, "ह्यो माझा शेवटचा धवला. याच्यापुढं गला चालाचा नाय." म्हणजे संधी एकच, तीही घरच्या मांडवात. पुन्हा बोकड नको.

नवी तिवई घ्यायची ऐपत नव्हती. पनवेलच्या बाजारात कॅमेरे दुरुस्त करणारे एक कोकणी मुसलमान चाचा होते, आखातात बरीच वर्षं काढून आलेले. त्यांच्याकडे गेले. हळद आणि नारळ घ्यायला आलेली आत्याही मागोमाग दुकानात शिरली.

चाचांनी माझी तिवई उलटीपालटी करून पाहिली. "बेटा, पाय ठीक आहेत. नुसत्या पायांनी काय होतं, पकड पाहिजे. वरचा भागच बदलू." त्यांनी प्लेट आणि क्लॅम्पचे तीन जोड काउंटरवर मांडले. एक नवा, चंदेरी, डोळ्यांत भरणारा. माझा हात तिकडेच गेला.

आत्याने तो माझ्या हातातून काढून घेतला, कानाशी नेला आणि नारळ हलवतात तसा हलवला. आत खुळखुळलं. "नको. आतला गोटा सुटलाय."

"आत्या, हा नारळ नाही!" मी खेकसले. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण चाचा हसले नाहीत. त्यांनी दुसरा जोड दिला. तोही वाजला. तिसरा वापरलेला, काळा, कडेने रंग उडालेला. आत्याने हलवला, पुन्हा हलवला. चूप. "ह्यो. हलला तरी वाजत नाय."

"माशाल्ला! बरोबर निवडलंत, ताई," चाचा म्हणाले. "ते दोन वाजतात कारण प्लेट एकाची, क्लॅम्प दुसऱ्याचा. ह्या काळ्यातली दोन्ही एकाच घरची आहेत. वर रबर शाबूत, स्क्रू लोखंडी. आणि स्वस्त, कारण जुना." त्यांनी तो माझ्या तिवईवर चढवून आवळला. आत्याने खात्री म्हणून आपली पिशवीच त्याला टांगली, आत पाच नारळ. तिवईचे पाय कुरकुरले, पण वरचा भाग केसभर खाली आला नाही. मी मुकाट्याने पैसे दिले. रस्ताभर आत्याच्या चेहऱ्यावरची ऐट बघवत नव्हती.

मांडवाच्या दिवशी सकाळी मी कॅमेरा लावला, स्क्रू आवळला, आणि तरीही तिवईचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. एकदा तोंड पोळलेलं ना! आत्याने गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, वेशीवरच्या देवाला बोलावलं. गळा खरखरत होता, पण सूर सुटला नाही. मग घरच्या गेलेल्या माणसांची आवतणं आली. आजा, आजी. आणि मग तिने डोळे मिटले.

"ये गो वयनी, मांडवान ये, तुजे लेकीची हलद हाय..."

ती माझ्या आईला बोलवत होती. मला याची कल्पनाच नव्हती. आईला आवतण जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपली प्लेट, स्क्रू, कॅसेट करत बसलेली. हात थरथरायला लागले. दांडा धरून ठेवला असता तर चित्र हललं असतं. मी हात काढून घेतले. कॅमेरा होता तिथेच राहिला.

ती कॅसेट आजही घरात लागते. चित्र जागचं हलत नाही. आईच्या ओळीला उजव्या कडेने कॅमेरा सोडून आलेली एक मुलगी नाक पुसत येते, बायकांच्या घोळक्यात घुसते आणि आत्याच्या गुडघ्याला टेकून बसते. आत्या गाणं थांबवत नाही, नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवते. मग ती मुलगीही बाकीच्या बायकांबरोबर ओळ उचलते, बेसूर, पण मोठ्याने: ये गो वयनी, मांडवान ये.

धवले संपल्यावर आत्या पाणी प्यायली आणि माझ्याकडे वळली. "जा, बग जा. बोकर नाय ना आला?"